हाताचं राखून

थर्मनच्या दुकानात खिळे, बियाणं आणि बंदुका
एकाच काउंटरवर मिळतात.
मी म्हटलं, खारींसाठी रायफल हवीय.
तो म्हणाला, मारायच्यात की खायच्यात?

केंटकीच्या या खोऱ्यात हा प्रश्न
कुणी गमतीनं विचारत नाही.

खायच्यात. ओरिसला रस्सा हवाय.
मार्चपासून त्याचा उजवा हात मांडीवर पडून असतो,
कुणीतरी विसरून गेल्यासारखा,
आणि जीभ अर्ध्या शब्दावर अडते.
भूक मात्र पुरतं बोलते.

थर्मननं आधी सतरा काढली.
गोळी एवढीशी, तांबड्या टोकाची,
सोनाराच्या तराजूत फार तर नऊ गुंजा भरेल.
शंभर यार्ड नाकासमोर जाते, म्हणाला,
वारा सुटला तर मात्र वाऱ्याचं ऐकते,
आणि मांसात शिरली की फुटते.
डेल्बर्टनं मागच्या हिवाळ्यात तिनं ससा मारला.
घरी आणले ते मागचे पाय आणि दोन कान.

मग बावीस मॅग्नम.
एका खारीसाठी अख्खं खोरं जागं करणारी.
नको, मी म्हटलं. आमच्याकडे दुपारी कुणी झोपलेलं असतं.

मग साधी बावीस.
एकवीस गुंजांचं मऊ, बोथट शिसं.
पन्नास यार्डांपर्यंत दिलेला शब्द पाळते,
पुढे खांदे पाडून चालते
पगाराआधीच्या आठवड्यासारखी.
हिला जवळ जावं लागतं, थर्मन म्हणाला.
किती जवळ?
खार श्वास घेते ते दिसेल इतकं.

मी उद्या येते म्हणाले.

घरी भिंतीवर बत्तीस आहे, ओरिसच्या बापाची.
तिची काडतुसं या बाजूला मिळेनाशी होऊन जमाना झाला.
तंबाखूच्या डब्यात नऊ उरलीत.
ओरिस दर ऑगस्टला डबा उघडायचा,
मोजायचा, बंद करायचा.
मला वाटायचं, हा चिक्कूपणा.

संध्याकाळी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं,
सतराचा वेग, मॅग्नमचा आवाज, किमती.
त्यानं डाव्या हाताची दोन बोटं वर केली.
मग पुन्हा दोन.
बावीस? की चार खारी हव्यात?
तो हसला, चेहऱ्याच्या ज्या बाजूला हसता येतं
त्या बाजूनं.

हिकरीखाली मी उजाडायच्या आत बसले.
ओल्या पानांवर पाऊल वाजत नाही
हे मला चाळीस वर्षं त्याच्या मागून चालून ठाऊक,
पण आज पुढे कुणीच नव्हतं.
मग वरून टरफलं पडायला लागली.
एक माझ्या बाहीवर. दातांचे ओरखडे ताजे, ओले.
वर पाहिलं. तीन होत्या.
सर्वात खालची करडी, तिची बरगडी हलत होती.

आवाज झाला वाळकी काटकी मोडावी तेवढा.
एक पडली.
उरलेल्या दोघी क्षणभर थांबल्या
आणि पुन्हा कुरतडायला लागल्या.

नळीत दुसरी गोळी होती. फांदीवर दुसरी खार.
माझं बोटही जागेवर होतं.
तेव्हा डब्याचं झाकण लावतानाचा
तो टिक आवाज आठवला.
मी उठले. टोपण उचललं, खिशात टाकलं.

रात्री ओरिस सावकाश चावत होता,
आयुष्यभराच्या सवयीनं, दाताखाली शिसं यायची वाट बघत.
हाड आलं. शिसं आलं नाही.
त्यानं डावं बोट कानशिलावर टेकवलं
आणि माझ्याकडे पाहिलं.
हो, मी म्हटलं. तिथेच.
त्यानं वाटी पुढे सरकवली.

बावीसचं ते रिकामं पितळ
मी त्याच्या डब्यात टाकलं होतं, न सांगता.
बत्तीसच्या शेजारी ते पोरासारखं दिसतं.

झोपण्याआधी त्यानं डबा मागितला.
एकेक उचलून गादीवर मांडत गेला.
शेवटचं बोटांत धरून हलवलं, पोकळ,
हुंगलं,
आणि ओळीत ठेवलं.

दहा, म्हणाला.
अख्खा शब्द.
मी चूक काढली नाही.